काउबॉय गाण्याला गिटारची साथ: बेसच्या तारेपासून शेवटच्या कडव्यापर्यंत

अमेरिकेतली जुनी काउबॉय गाणी बहुतेक तीन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) चालतात. तीन कॉर्ड येतात म्हणजे गाणं येतं असं समजून पुष्कळजण थेट गिटारला हात घालतात आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर बसलेला ‘डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप’ हा वरखाली फटकाऱ्यांचा ठेका इथेही लावून मोकळे होतात. सहाच्या सहा तारा सतत वाजत राहतात, शब्द त्याखाली दबतात आणि तीन मात्रांचं गाणं चार मात्रांत ओढलं जातं. सुटे सूर बरोबर असूनही गाणं त्या घराण्याचं वाटत नाही.

या गाण्यांत गिटारचं काम थोडं आणि नेमकं आहे. जाड तारेवर एक सूर, त्यानंतर बारीक तारांवर एक छोटा फटकारा. बाकी सगळी जागा शब्दांची, कारण गाणं म्हणजे गोष्ट असते आणि एक ओळ ऐकू आली नाही तर पुढचं कडवं कळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शब्द, मग पट्टी, मग उजवा हात, मग डावा, आणि शेवटी सगळं एकत्र. हा क्रम उलटा केला की प्रत्येक चूक पुन्हा उकलून काढावी लागते.

उदाहरणासाठी दोन गाणी धरली आहेत. ‘रेड रिव्हर व्हॅली’ चार मात्रांचं आणि ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ तीन मात्रांचं. ही दोन नीट बसली की याच साच्यातली बाकीची बरीचशी गाणी हाताला येतात.

## तयारी

गिटार स्टीलच्या तारांची अकूस्टिक हवी. नायलॉनच्या तारांवर बेसचा, म्हणजे जाड तारांचा, सूर गोल आणि मऊ येतो. सरावाला चालेल, पण ‘टक’ असा तुटक फटकारा त्यावर निघत नाही. तारांचा संच .०१२ ते .०५३ इंच जाडीचा घ्या. नवशिक्यांना .०१० चा संच सुचवला जातो, तो बोटांना हलका असला तरी त्याची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार जोरात छेडली की थरथरते आणि बेस पातळ होतो. बोटं फारच दुखत असतील तर .०११ वर थांबा.

पिक (तारा छेडायची चकती) ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा. त्याहून पातळ पिक जाड तारेवर वाकतो आणि बेसच्या सुराऐवजी प्लॅस्टिकचा आवाज येतो. शिवाय कापो (गिटारच्या मानेवर बसवून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), ट्यूनर आणि लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम (फोनवरचा चालेल) लागेल. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी तीही काढून ठेवावी, पट्टी ठरवताना फार उपयोगी पडते.

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहावी तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा वर उठतात आणि कालपर्यंत वाजणारी सी कॉर्ड आज दाबली जात नाही. दोष बोटांचा नसतो. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा.

## टप्पा १: गाणं खरंच पारंपरिक आहे का ते बघा

‘काउबॉय साँग’ म्हणून जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं १९३० नंतर सिनेमा आणि रेडिओसाठी लिहिलेलं आहे. ‘टंबलिंग टंबलवीड्स’ लोकगीतासारखं वाटतं, पण ते बॉब नोलन यांचं आहे आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. नोलन १९८० मध्ये वारले. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे अशा गाण्याचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकण्याआधी परवानगीचा विचार करावा लागतो. शिवाय या गाण्यांतल्या कॉर्डही अधिक गुंतागुंतीच्या असतात, म्हणून सुरुवातीला ती नकोत.

पारंपरिक गाण्याचे शब्द जॉन लोमॅक्स यांच्या १९१० च्या काउबॉय गाण्यांच्या संग्रहात पाहता येतात. एकाच गाण्याचे चार पाठ सापडतील. त्यातला एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. दोन पाठ मिसळले की गोष्टीत हमखास घोळ होतो.

सावधान: गाणं पारंपरिक असलं तरी एखाद्या गायकाने केलेली त्याची खास मांडणी, वाद्यमेळ किंवा नवी कडवी त्याच्या मालकीची असू शकतात. रेकॉर्ड ऐकून जशीच्या तशी उचलू नका.

## टप्पा २: गिटारशिवाय शब्द

गुरांचे कळप हाकणाऱ्यांपैकी बहुतेकजण ही गाणी साथीशिवाय म्हणत. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

मराठी बोलताना आपण अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दातलं एक अक्षर जड आणि बाकीची हलकी, आणि गाण्यात ते जड अक्षर पहिल्या मात्रेवर येतं. ‘व्हॅली’ या शब्दातला ‘व्हॅ’ जड, ‘ली’ उडता. दोन्ही सारखे म्हटले की चाल बरोबर असूनही गाणं पाढे म्हटल्यासारखं लागतं. म्हणून शब्द कागदावर लिहा, जड अक्षरांखाली रेघ ओढा आणि पायाने ठेका धरून नुसतं बोलून बघा. रेघ असलेलं अक्षर आणि पाय एकत्र पडले पाहिजेत. पुढे याच अक्षरांवर बेसचा सूर येणार आहे.

उच्चारांत काही जागा हमखास चुकतात. ‘डोगी’ म्हणजे आईवेगळं वासरू. तो शब्द ‘डॉगी’ म्हटला की गाण्यात गुरांऐवजी कुत्री येतात. ‘रेंज’ म्हणजे इथे डोंगररांग नव्हे, मोकळं चराऊ रान. ‘कॉयोट’ नव्हे, ‘कायोटी’ किंवा ‘कायोट’, दोन्ही चालतात. ‘लारेडो’ मध्ये जोर ‘रे’ वर आहे, ‘ला’ वर नाही. आणि ‘व्हॅली’ चा ‘व्ह’ वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, तर ‘व्हेन’ चा ‘व्ह’ ओठ गोल करून. मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून दोन्ही सारखेच म्हटले जातात.

कडवी जास्त असतील तर कमी करा, पण गोष्ट न तोडता. ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ मध्ये चार गोष्टी राहिल्याच पाहिजेत: वाटसरूला तो पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तरुण दिसतो, तरुण आपली चूक सांगतो, आपल्या अंत्ययात्रेची व्यवस्था सांगतो, आणि मरतो. मधली वर्णनं गळली तरी चालतात. सुरुवातीचं कडवं लांब वाटतं म्हणून ते कापलं जातं आणि मग ‘मी’ कोण, हेच कळत नाही.

तपासणी: कागद न बघता, गिटार न घेता, सगळी कडवी एका लयीत म्हणता आली का? अडखळत असाल तर पुढे जाऊ नका. गिटार हातात आल्यावर हे अडखळणं दुप्पट होतं.

## टप्पा ३: पट्टी

शास्त्रीय किंवा भावगीताचं शिक्षण झालेल्यांची चूक इथेच होते. ते आपल्या नेहमीच्या सा वर गाणं लावतात. पुरुष काळी एकमध्ये, बायका काळी चार किंवा पाचमध्ये. ती पट्टी तार सप्तकात फिरता यावं म्हणून निवडलेली असते. ‘रेड रिव्हर व्हॅली’ मात्र मंद्र प पासून मध्य प पर्यंतच फिरतं, वर जातच नाही. नेहमीच्या सा वर गायलं की सगळं गाणं घशाच्या तळाशी राहतं, आवाज पडतो आणि शब्द विरतात.

उपाय सोपा आहे, सा वर चढवा. पुरुषांनी पांढरी तीन ते पांढरी पाच, म्हणजे ई ते जी, या टप्प्यात शोधावं. बायकांनी पांढरी एक ते पांढरी दोन, म्हणजे सी ते डी. पेटीवर सा धरा आणि गाण्याची सुरुवात ‘प़ सा ग’ अशी म्हणून बघा. सगळे स्वर शुद्ध आहेत. खालचा प ऐकू येण्याइतका भरीव लागला पाहिजे आणि वरचा प न ओरडता.

मग गिटारवर असं बसवा:

- सा जी वर: कापो नको, जी, सी, डी७.
- सा एफ वर: तिसऱ्या फ्रेटवर कापो, डी, जी, ए७ चे आकार.
- सा ई वर: दुसऱ्या फ्रेटवर कापो; तेच आकार.
- सा सी वर: पाचव्या फ्रेटवर कापो, जी, सी, डी७ चे आकार.
- सा डी वर: कापो नको, डी, जी, ए७.

सी पट्टी कापोशिवाय वाजवायची तर एफ कॉर्ड येते. तिच्याशी झगडण्यात गाणं मागे पडतं, म्हणून ती वाट सध्या टाळा. कापो फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे बसवा आणि बसवल्यावर पुन्हा ट्यून करा. जाड तारा दाबाने थोड्या चढतात.

## टप्पा ४: उजवा हात, चार मात्रा

आता जी कॉर्ड धरा. बोटांची मांडणी महत्त्वाची आहे: अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. करंगळी सुरुवातीला त्रास देते, तरी हीच मांडणी ठेवा. सी कॉर्डवर जाताना अनामिका आणि मधलं बोट दोन्ही एकेक तार खाली सरकतात, आणि पुढचे बेस रनही (टप्पा ८) याच मांडणीतून निघतात.

१. पहिली मात्रा: पिकने फक्त सहावी तार. एकच.
२. दुसरी मात्रा: खालच्या तीन किंवा चार बारीक तारांवर वरून खाली छोटा फटकारा.
३. तिसरी मात्रा: फक्त चौथी तार, मोकळी.
४. चौथी मात्रा: पुन्हा छोटा फटकारा.

अपस्ट्रोक, म्हणजे खालून वर फटकारा, नाही. मेट्रोनोम ६० वर लावा, दर ठोक्याला एक मात्रा. हात कोपरातून झुलत असेल तर पिक प्रत्येक वेळी वेगळ्याच तारेवर पडेल. हालचाल मनगटातून आणि दोन-तीन इंचांच्या आत ठेवा.

बेसचा सूर पूर्ण मात्राभर वाजला पाहिजे आणि फटकारा लगेच थांबला पाहिजे. फटकाऱ्यानंतर डाव्या हाताची दाबलेली बोटं किंचित सैल करा, तारांवरून उचलू नका. मोकळ्या तारा उजव्या तळव्याच्या कडेने दाबा. बहुतेकांचं उलट होतं: बेस पुसट आणि फटकारा मोठा. तसं झालं तर दोन दिवस फक्त बेस वाजवा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हात हवेतच फिरवा.

तपासणी: फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करून दुसऱ्या खोलीतून ऐका. तिथून पहिली आणि तिसरी मात्रा वेगळी कळली पाहिजे. नुसता खळखळाट ऐकू येत असेल तर फटकाऱ्यात अजून सहाही तारा येत आहेत.

## टप्पा ५: प्रत्येक कॉर्डचे दोन बेस

कॉर्डचा मूळ सूर पहिल्या मात्रेला, जोडीचा सूर तिसऱ्या मात्रेला. हे पाठ असले पाहिजेत, गाताना शोधायला वेळ नसतो.

- जी: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, जोडीला मोकळी चौथी.
- सी: पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, जोडीला चौथ्या तारेचा दुसरा. सरावानंतर अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेऊन तो सूर वापरा, जास्त भरीव लागतो.
- डी आणि डी७: मोकळी चौथी, जोडीला मोकळी पाचवी.
- ए आणि ए७: मोकळी पाचवी, जोडीला मोकळी सहावी.

एक नियम कधीही मोडू नका: कॉर्ड बदलली की नव्या कॉर्डच्या पहिल्या मात्रेला मूळ सूरच. जोडीचा सूर आधी आला तर ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललीच नाही असं वाटतं. डी७ वर ही चूक सर्वांत जास्त होते, कारण हात जी वरून येताना जवळच्या पाचव्या तारेवर पडतो.

‘रेड रिव्हर व्हॅली’ चं एक कडवं सोळा बारचं आहे (बार म्हणजे मात्रांचा एक गट, इथे चार मात्रांचा):

जी | जी | जी | जी
जी | जी | डी७ | डी७
जी | जी७ | सी | सी
डी७ | डी७ | जी | जी

जी७ जमत नसेल तर तिथे जी च ठेवा, काही बिघडत नाही. सी वरून डी७ वर जाताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरच राहते. ती उचलली जात असेल तर बदल दर वेळी उशिरा होईल.

## टप्पा ६: तीन मात्रा

‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ साठी पहिल्या मात्रेला बेस, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला फटकारा. पुढच्या बारमध्ये कॉर्ड तीच असेल तर जोडीचा बेस, बदलली असेल तर मूळ. या गाण्याच्या प्रचलित पाठांत कॉर्ड जवळपास प्रत्येक बारला बदलते, म्हणून इथे बहुतेक मूळ बेसच येतात.

आपल्याकडे तीन-तीनचा विभाग म्हटलं की दादरा आठवतो आणि हात आपोआप ‘धा धी ना, धा ती ना’ करतो. तिथे चौथ्या मात्रेला खाली आहे, म्हणजे दुसरा गट हलका होतो. या गाण्यात खाली नाही. प्रत्येक बारची पहिली मात्रा सारख्याच वजनाची. एक बार भरीव आणि पुढचा पोकळ होत असेल तर दादरा शिरला आहे असं समजा. तबला साथीला असेल तर तबलजींना हे आधी सांगा, नाहीतर ते खाली घेणारच.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही फटकारे सारखे जड. दुसऱ्या मात्रेचा किंचित स्पष्ट, तिसऱ्याचा त्याहून हलका. मेट्रोनोम ८० वर सुरू करा, १०० च्या आसपास थांबा. कथा मरणाची आहे, पण लय रेंगाळली की कडवी संपता संपत नाहीत.

## टप्पा ७: गाणं आणि गिटार एकत्र

आधी गिटार चालू ठेवून शब्द नुसते बोला, गाऊ नका. टप्पा २ मधली रेघ असलेली अक्षरं बेसवर पडत आहेत का बघा. ते जमलं की एका स्वरावर, फक्त सा वर, सगळे शब्द म्हणा. मग चाल. ही मधली पायरी नको वाटते, पण ती गाळणारेच पुढे महिनाभर अडकतात.

गाण्याचा प्रवेश नीट समजून घ्या. ‘रेड रिव्हर व्हॅली’ मधली पहिली दोन अक्षरं समेच्या आधी, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला येतात (प़ सा) आणि ग समेवर. गिटारवर जी चे चार बार मोजा आणि चौथ्या बारच्या तिसऱ्या मात्रेला तोंड उघडा. पहिल्या अक्षरावरच सम धरली तर सगळं गाणं दोन मात्रा सरकतं आणि कॉर्ड कुठेच जुळत नाहीत. ‘कॉर्ड चुकीच्या दिल्या आहेत’ अशी शंका येते तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा कारण हेच असतं.

हरकती आणि मुरक्या काढून टाका. या गाण्यात सूर सरळ लागतो. खालून किंचित घसरत सुरावर येणं चालतं, तेही जड अक्षरावर आणि क्वचित. ओळीच्या शेवटचा स्वर आपल्याकडे लांबवून सजवतात. इथे तो सोडून द्या आणि उरलेल्या मात्रा गिटारला वाजवू द्या. ती रिकामी जागा गाण्याचाच भाग आहे.

तपासणी: गाणं माहीत नसलेल्या कुणालातरी ऐकवा आणि गोष्ट विचारा. गोष्ट सांगता आली तर साथ बरोबर आहे.

## टप्पा ८: बेस रन

इथपर्यंत सगळं न थांबता होत असेल तरच हा टप्पा घ्या. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मधले सूर पायऱ्यांसारखे घ्यायचे असतात.

जी वरून सी: जी च्या शेवटच्या बारमध्ये पहिल्या मात्रेला जी चा बेस, दुसरीला फटकारा, तिसरीला मोकळी पाचवी, चौथीला पाचवीचा दुसरा फ्रेट, आणि पुढच्या समेवर पाचवीचा तिसरा फ्रेट, म्हणजे सी.

जी वरून डी७: तिसऱ्या मात्रेला पाचवीचा दुसरा फ्रेट, चौथीला पाचवीचा तिसरा, समेवर मोकळी चौथी.

डी७ वरून जी: तिसरीला मोकळी सहावी, चौथीला सहावीचा दुसरा फ्रेट, समेवर सहावीचा तिसरा.

तीन मात्रांच्या गाण्यात पहिल्या मात्रेला मूळ बेस आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला हे दोन सूर; त्या बारमध्ये फटकारा नाही.

सावधान: ओळ चालू असताना रन घेऊ नका, ओळ संपल्यावर घ्या. एका कडव्यात दोन पुष्कळ झाले. प्रत्येक बदलाला रन लावला की ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून उठून बोटांकडे जातं.

कंट्री संगीतातल्या जुन्या गिटारवादक मेबेल कार्टर यांच्या पद्धतीत अंगठा याच जाड तारांवर पूर्ण चाल वाजवतो आणि तर्जनी बारीक तारांवर फटकारा देते. ती शिकायची असेल तर रन पक्के झाल्यावर, आणि त्यासाठी थंबपिक (अंगठ्यात घालायचा पिक) घ्यावा लागेल.

## टप्पा ९: योडल, हवं असेल तरच

योडल म्हणजे छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात झटकन उडी मारत गाणं. पारंपरिक कथागीतांना त्याची गरज नाही. ‘लारेडो’ मध्ये तर ते घालूच नये. कंट्री संगीतात ते गायक जिमी रॉजर्स यांच्या १९२७ नंतरच्या रेकॉर्डमुळे पसरलं आणि हलक्या, प्रवासाच्या गाण्यांत कडव्याच्या शेवटी शोभतं.

छातीतला आवाज आणि डोक्यातला आवाज यांच्यामध्ये जो तुटकपणा असतो, तो आपण रियाजात झाकायला शिकतो. इथे तो मुद्दाम ऐकू द्यायचा. मंद्र प वर ‘यो’, तिथून झटकन मध्य ग वर ‘ई’. खालच्या स्वराला ओ किंवा आ, वरच्याला ई किंवा ऊ. वर जाताना आवाज वाढवू नका, उलट हलका सोडा. जोर लावला की तुटत नाही, नुसती किंकाळी येते. दिवसाला पाच मिनिटं पुरेत. घसा खवखवला की त्या दिवशी थांबा.

## टप्पा १०: सुरुवात आणि शेवट

सुरुवातीला कडव्याच्या शेवटच्या ओळीच्या कॉर्ड वाजवा: डी७, डी७, जी, जी. गायकाला पट्टी मिळते आणि ऐकणाऱ्याला लय. दोन कडव्यांच्या मध्ये दोन बार पुरतात, पण ते दर वेळी दोनच असले पाहिजेत. पुढचे शब्द आठवेपर्यंत जी वाजवत राहण्याची सवय लागली तर ती सुटत नाही.

शेवटच्या ओळीला लय हळू करायची असेल तर शेवटच्या दोन बारमध्येच करा. शेवटचा शब्द संपला की जी चा बेस एकदा, त्यानंतर एक सावकाश फटकारा सहाही तारांवर. पूर्ण गाण्यात सहा तारा एकत्र वाजतात त्या इथेच, आणि आवाज आपोआप विरेपर्यंत तारांना हात लावू नका.